तीव्र दिव्यांगत्व असलेलं मूल आणि आपली शाळा : शिक्षकांच्या टीमला नेहमी पडणारे प्रश्न

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. तालुक्यातल्या झेडपीच्या शाळांमध्ये जाते, आणि दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की मला जवळपास तेच फोन येतात, मॅडम असं असं मूल आलंय, बोलत नाही, चालत नाही, आम्ही काय करायचं. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगते पण निम्मं राहूनच जातं, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढलं. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, खिचडी करणाऱ्या ताई, आई-बाबा, कुणीही वाचा. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही, आज जो प्रश्न पडलाय तेवढाच वाचला तरी चालेल.

तीव्र दिव्यांगत्व म्हणजे नक्की कोणती मुलं?

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा जास्त असेल तर कायद्याने सवलती लागू होतात, आणि यूडीआयडी कार्डचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंगही त्यावर ठरतो, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० च्या वर निळं. पण शाळेत रोजचं काम करताना टक्क्यांचा फारसा उपयोग होत नाही. एका पायाला पोलिओ असलेल्या मुलाचे टक्के बरेच असू शकतात आणि ते वर्गात पहिलं येऊ शकतं. इथे मी ज्या मुलांबद्दल लिहितेय त्यांना दिवसातल्या बहुतेक गोष्टींसाठी कुणाची तरी मदत लागते. सांगायचं असेल तर शब्द नाहीत, जागेवरून हलायचं तर कुणीतरी हवं, जेवण, शी-शू, नवीन गोष्ट शिकणं सगळ्यालाच जास्त वेळ आणि जास्त आधार. यात सेरेब्रल पाल्सीवाली, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसलेली, मुलं येतात, बौद्धिक अक्षमता जास्त असलेली येतात, न बोलणारी ऑटिझमची मुलं येतात, ऐकू आणि दिसणं दोन्ही कमी असलेली येतात, आणि बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी एकत्रच असतात.

अशा मुलाला आमच्या साध्या शाळेत घ्यायलाच लागतं का?

हो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ३१ सांगतं की ४० टक्के आणि वर दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंतीप्रमाणे हा शब्द नीट वाचा, ती पसंती मुलाची आणि आई-बाबांची, मुख्याध्यापकांची नाही. "आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत घाला" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय आणि दर वेळी त्या आईचा चेहरा बघितलाय, ती जवळची विशेष शाळा बऱ्याचदा जिल्ह्याच्या गावाला असते आणि निवासी असते, सहा वर्षांचं लेकरू तिथे ठेवून यायचं म्हणजे काय हे विचार करा.

विशेष शाळा वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. काही मुलांसाठी ती योग्यच असते आणि तिथले शिक्षक जीव तोडून काम करतात. पण तो रस्ता पालकांनी निवडायचा, आपण दार लावून त्यांना तिकडे ढकलायचं नाही.

मग गृहाधारित शिक्षणात टाकलं तर?

२०१२ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. पर्याय, सक्ती नाही. ज्याला खरंच उचलून आणणंही धोक्याचं आहे, सारखं आजारी पडतं, अशा मुलासाठी तो आहे. पण होतं काय की व्हीलचेअर आत येत नाही म्हणून, किंवा वर्गात ओरडतं म्हणून, नाव गृहाधारितमध्ये जातं आणि मग पटावर नाव आणि मूल वर्षानुवर्षं घरात खाटेवर. घरी शिकणारं मूलही तुमच्याच पटावरचं आहे, तुमच्याच वर्गाचं आहे. पंधरा ऑगस्टला, स्नेहसंमेलनाला, एखाद्या शनिवारी तासभर, जमेल तसं त्याला आणायचं आणि वर्गातल्या चार मुलांनी त्याच्या घरी जायचं. मी एका वाडीवर पाहिलंय, चौथीची मुलं शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या ओट्यावर बसूनच गृहपाठ करायची, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, घर वाटेवर होतं एवढंच. तीन महिन्यांत ती मुलगी पावलांचा आवाज आला की मान वळवायला लागली.

टीम टीम म्हणता, पण आमच्या शाळेत आहोत दोन शिक्षक. टीममध्ये कोण?

दोन शिक्षकांच्या शाळेतही टीम असते, मोजून बघा. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, बहुतेक तेच दुसरे शिक्षक, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, मुलाची आई किंवा आजी, अंगणवाडीच्या बाई ज्यांनी त्याला तीन वर्षं आधी बघितलंय, बीआरसीमधले, म्हणजे तालुक्याच्या गट साधन केंद्रातले, विशेष शिक्षक, आणि वर्गातली मुलं. आठवडाभर मुलाच्या आसपास जी जी माणसं असतात ती सगळी टीम.

यात आईला सगळ्यात वरचा मान द्या. तिला ज्ञान नाही, ती रडते, ती जास्त लाड करते, असं बोललं जातं, पण मूल कोणत्या कुशीवर झोपवलं की घसा साफ होतो, दुखतंय हे ते कसं सांगतं, कोणत्या आवाजाला घाबरतं, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. फिजिओथेरपिस्टला नाही आणि मलाही नाही.

आणि आहाराच्या ताई. माझा अनुभव असा की बऱ्याच शाळांमध्ये मुलाचं पहिलं नातं त्यांच्याशी जुळतं, कारण त्या घाईत नसतात आणि त्यांच्याकडे खायला असतं. त्यांना मीटिंगला बोलवा, बाजूला उभं नका करू, सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसवा.

विशेष शिक्षक महिन्यातून एकदा-दोनदा येतात. बाकीचे दिवस आम्ही एकट्यानेच ना?

हा राग रास्त आहे आणि तो मी ऐकून घेते. एका माणसाकडे खूप शाळा असतात, आणि पावसाळ्यात तर काही वाड्यांवर गाडी जातच नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरामागे एक विशेष शिक्षक हवा, आणि मार्च २०२५ मध्ये परत सगळ्या राज्यांना पदं मंजूर करायला सांगितलं. ती पदं भरली जावीत म्हणून बोलत राहायला पाहिजे, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातही ते यायला पाहिजे.

पण तोपर्यंत मूल थांबत नाही. म्हणून माझी भेट वाया जाऊ देऊ नका. मी आले की मला मुलाला घेऊन वेगळ्या खोलीत बसवू नका. मी तासभर त्याच्याशी खेळले आणि निघून गेले तर पुढचे वीस दिवस तुमच्या हातात काय राहिलं? मला तुमच्या तासाला मागे बसवा, तुम्ही शिकवा, मी बघते, मग मी त्याच वर्गात करून दाखवते आणि तुम्ही माझ्यासमोर करून बघा. जायच्या आधी एका कागदावर दोनच गोष्टी लिहून घ्या, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं आणि ते झालंय हे कशावरून कळेल. मधे अडलं तर दोन मिनिटांचा व्हिडीओ मला पाठवा, आईला विचारून, आणि फक्त मला, गावाच्या ग्रुपवर नाही.

एक वाक्य मात्र बोलणं बंद करू या, "मॅडम तुमचं मूल आज आलंय." मूल माझं नाही हो, ते शाळेचं आहे, तुमच्या हजेरीपटावर त्याचा नंबर आहे. मी मदतीला येते. हे ज्या शाळेला उमगलं तिथे निम्मे प्रश्न सुटलेले मी बघितलेत, आणि जिथे उमगलं नाही तिथे सगळं साहित्य येऊनसुद्धा कपाटात राहिलंय.

पहिल्या आठवड्यात काय शिकवायचं?

काही नाही. बघायचं. कशाने हसतं, कशाने रडतं, कुठल्या बाजूला मान वळवतं, उजेडाकडे तोंड करतं का, हाक मारली तर किती वेळाने प्रतिसाद देतं, दिवसाच्या कोणत्या वेळी ताजंतवानं असतं. हे वहीच्या मागच्या पानावर लिहा, रोज तीन ओळी पुरे. एकदा घरी जाऊन या, शक्यतो जेवणाच्या वेळेला, आई कशी बसवते आणि कशी भरवते ते बघा. एनसीईआरटीचं प्रशस्त अ‍ॅप आहे, त्यात शिक्षकांना भरता येतील अशा चेकलिस्ट आहेत, पण त्या प्राथमिक तपासणीसाठी आहेत, निदान डॉक्टरच करणार हे लक्षात असू द्या.

आयईपी म्हणजे मोठा फॉर्म भरायचा का? ध्येयं कशी लिहायची?

आयईपी म्हणजे या एका मुलासाठी या वर्षी काय शिकवायचं याचं लेखी ठरलेलं नियोजन. फॉर्म किती पानांचा आहे ते सोडा, मी तर म्हणते एका वेळी तीनच ध्येयं घ्या, एक संवादाचं, एक स्वतःची कामं स्वतः करण्याचं, एक वर्गाच्या अभ्यासाशी जोडलेलं.

"राजूची भाषिक क्षमता विकसित करणे" हे ध्येय नाही, कारण ते झालं की नाही हे कधीच कळणार नाही. (राजू हे नाव उदाहरणापुरतं.) "दोन वस्तू समोर धरल्या तर राजू हवी त्या वस्तूकडे बघून किंवा हात नेऊन सांगेल, दिवसातून पाच वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांना" हे ध्येय. आता आहाराच्या ताईंनाही कळलं की आपण काय करायचंय.

मूल आज कुठे आहे ते बघायला आपल्याकडे भारतातच तयार झालेली साधनं आहेत. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी चेकलिस्ट आहे, मद्रासची एमडीपीएस आहे ज्यात १८ क्षेत्रं आणि प्रत्येकात २० कौशल्यं आहेत. तुमच्या विशेष शिक्षकांना विचारा, भरायला ते बसतील तुमच्याबरोबर.

आणि काम तोडायला शिका. डबा उघडणं हे एक काम नाही, त्यात दप्तराची चेन ओढणं, हात आत घालणं, डबा बाहेर काढणं, एका हाताने धरणं, दुसऱ्याने झाकण वर करणं असं बरंच काही आहे. सगळं तुम्ही करून द्या आणि फक्त शेवटची पायरी मुलाला करू द्या, झाकण जवळजवळ उघडलेलं असेल, त्याने बोट लावलं की उघडलं. ते जमलं की मग शेवटच्या दोन. उलटीकडून शिकवलं की मुलाला प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद मिळतो, आणि डब्यात खाऊ असतोच.

मूल बोलतच नाही. त्याला कळतं का हे आम्हाला कसं कळणार?

मला सगळ्यात जवळचा हाच प्रश्न आहे म्हणून थोडं लांबण लावते.

पहिली गोष्ट, कळतं असं धरूनच चाला. समजा आपण धरलं की कळतं आणि खरं तर फारसं कळत नव्हतं, तर नुकसान काय झालं, आपण त्याच्याशी प्रेमाने बोललो एवढंच. पण आपण धरलं की कळत नाही आणि त्याला सगळं कळत होतं, तर? त्याच्यासमोर त्याच्याबद्दल जे जे बोललं गेलं ते सगळं त्याने ऐकलं. सेरेब्रल पाल्सीच्या एका मुलीबाबत असं झालेलं मी स्वतः अनुभवलंय, आणि त्या बोलण्यात माझंही एक वाक्य होतं, ते मला आजही आठवतं.

दुसरी गोष्ट, बोलणं म्हणजे तोंडानेच असं नाही. डोळ्याने बघणं, मान फिरवणं, अंग ताठ करणं, ओरडणं, वस्तू ढकलणं हे सगळं बोलणं आहे. टीमने बसून एक यादी करा, तो असं करतो तेव्हा त्याचा अर्थ असा आणि आपण उत्तर असं द्यायचं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं पाहिजे. बाईंनी मान फिरवणं म्हणजे "नको" समजायचं आणि सरांनी तरीही घास पुढे करायचा असं झालं तर मूल शिकतं की सांगून काही उपयोग नाही, आणि मग ते सांगणंच सोडून देतं.

तिसरी, थांबा. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा. आपल्याला दोन सेकंदही धीर नसतो. काही मुलांना ऐकून, समजून, मग हात हलवायला तेवढा वेळ खरोखर लागतो, आणि आपण दोनदा परत विचारलं की त्याचं सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

चौथी, निवड द्या. लाल खडू की पिवळा? खिडकीपाशी बसतोस की दारापाशी? सुरुवातीला खऱ्या वस्तू दाखवा, मग फोटो, मग चित्रं. "अजून", "नको", "संपलं", "मदत", "चल", "मला" असे जे शब्द दिवसभर कुठेही लागतात त्यांची चित्रं एका पुठ्ठ्यावर लावा. नुसता आंबा, केळं, सफरचंदाचा तक्ता नको, त्याने काय बोलणार मूल? आणि तुम्ही स्वतः बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवा, मूल आधी बघून शिकतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं मोफत अ‍ॅप आहे, मराठीत पण आहे, शाळेच्या टॅबवर टाकता येतं. पण आधी पुठ्ठा, कारण त्याला चार्जिंग लागत नाही.

चित्रं दिली तर बोलणं थांबेल अशी भीती पालकांना वाटते, काही डॉक्टरही म्हणतात. तसं होत नाही. ज्यांना बोलणं येणार असतं त्यांना चित्रांनी उलट मदतच होते.

वर्गात ३५ मुलं, त्यात दोन इयत्ता एकत्र. याला धड्यात कसं घ्यायचं?

वेगळा धडा घ्यायचा नाही, त्याच धड्यात त्याच्यासाठी एक काम शोधायचं. परिसर अभ्यासात पाण्याचा धडा आहे, बाकीची मुलं पाण्याचे उपयोग लिहितायत, हा गार आणि कोमट पाण्यात हात घालून कुठलं हवं ते सांगतोय आणि "अजून" मागतोय. विषय तोच, वर्ग तोच, ध्येय त्याचं. गणितात मुलं भागाकार करतायत, हा प्रत्येक गटाला एकेक खडू वाटतोय, कुणीतरी त्याचा हात धरलाय, आणि एकास एक ही संगती म्हणजे गणितच आहे. कविता असेल तर तालावर डफली त्याच्या हातात द्या.

परिपाठ विसरू नका. प्रार्थना, दिनविशेष, पाढे, हे रोज त्याच क्रमाने होतं आणि न बोलणाऱ्या मुलाला त्या क्रमाचा फार आधार असतो. "सावधान" म्हणायचं काम रेकॉर्ड केलेल्या बटणावर ठेवता येतं, मूल बटण दाबतं, आवाज येतो, आणि अख्खी शाळा ताठ उभी राहते. आपल्यामुळे काहीतरी घडलं हे त्याला पहिल्यांदा कळतं तेव्हाचा चेहरा बघा.

प्रत्येक तासाला जमणार नाही, मला माहितीये. दिवसात दोन तास ठरवा, तेवढे तरी पक्के, आणि हळूहळू वाढवा.

एक सांभाळा. मदतनीस किंवा आई सतत खेटून बसली की बाकीची मुलं जवळ येत नाहीत आणि मूलही मदतीची वाटच बघत बसतं. लागेल तेव्हाच पुढे व्हायचं, झालं की हातभर मागे. मुलांनाही सांगा की मदत करायच्या आधी विचारायचं, आणि एकच मुलगी रोज "त्याची ताई" होणार नाही हेही बघा, तिलाही खेळायचं असतं.

ओरडतो, चावतो, डोकं आपटतो. काय करायचं?

आधी दुखणं तपासा. दात, कान, पोट साफ नसणं, मुलींची पाळी. बोलता येत नसलं की दुखणं असंच बाहेर येतं. दुखणं नसेल तर आठवडाभर तीन रकाने लिहा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय मिळालं. पाचव्या दिवशी बहुतेक वेळा चित्र दिसतं. घंटेच्या आवाजानंतरच होतंय, किंवा ओरडलं की वर्गाबाहेर नेतात आणि त्याला तेच हवंय. मग "बाहेर जायचंय" हे सांगायची सोपी खूण शिकवा आणि खूण केली की पहिल्या-पहिल्यांदा लगेच न्या.

बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं, मारणं, चिमटा काढणं हे नाहीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने कुठल्याही मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, आणि हेही "कुठलंही मूल"च आहे.

वर्गात फिट आली तर?

वेळ बघा, म्हणजे घड्याळात खरोखर बघा. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूची बाकं सरकवा, गळ्याचं बटण सैल करा. तोंडात चमचा, कापड, बोट काहीच घालायचं नाही. पाणी पाजायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, हातात किल्ली द्यायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक येत राहिली, श्वासाला त्रास वाटला किंवा डोक्याला मार लागला तर १०८ ला फोन. पहिल्यांदाच आली असेल तरी दवाखान्यात न्यायचंच. थांबल्यावर मूल झोपतं, झोपू द्या, कुशीवरच, आणि कुणीतरी जवळ बसा. औषध कधी घेतं आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय हे आईकडून लिहून घेऊन ऑफिसात लावा, असं की रजेवर कुणी असेल तरी दुसऱ्याला सापडेल.

भरवणं आणि शी-शू, हे शिक्षकांनी करायचं का?

कुणीतरी करायचंच आहे, प्रश्न इतकाच की आधी ठरवून करायचं की आयत्या वेळी एकमेकांकडे बघत बसायचं. आईला दिवसभर शाळेत बसवून ठेवणं हे उत्तर नाही, तिला शेतावर जायचं असतं, धाकटं लेकरू असतं. जून महिन्यातच मीटिंग घेऊन ठरवा, रोज कोण, ते नसेल तेव्हा कोण, सामान कुठे. मुलाला माहीत असलेलं माणूस हवं, मुलींसाठी बाईच, आणि दुसऱ्या कुणाला तरी सांगून जायचं. आडोसा हवा. आणि हात लावायच्या आधी मुलाला सांगायचं की आता कपडे बदलतोय, ते बोलत नसलं तरी, कारण उद्या कुणी वाईट हेतूने हात लावला तर यातला फरक त्याला कळायला हवा.

भरवताना आडवं कधीच नाही. पाठ ताठ, मान किंचित पुढे झुकलेली, मागे गेलेली नाही, पाय टेकलेले. समोर बसून, डोळ्यांच्या उंचीवर, छोटा घास, पहिला गिळला की मग दुसरा. खिचडी मऊ करून घ्या. जेवताना सारखा खोकला येत असेल, आवाज ओला येत असेल, छाती वारंवार भरत असेल तर घास चुकीच्या नळीत जातोय का हे डॉक्टरांना दाखवायलाच हवं, हे लांबणीवर टाकू नका.

साहित्य आणि पैसे कुठून येतात?

समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, त्यातून मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य वगैरे. ते पैसे थेट प्रत्येक मुलाच्या हातात येत नाहीत, नियोजन जिल्ह्यावर होतं. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता असतो, बँक खातं आणि यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीतली, नोंद बरोबर असेल तरच पोचतो, म्हणून ती नोंद स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका. व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांची मोजमाप शिबिरं होतात, साहित्य बहुतेक अलिम्को म्हणजे कानपूरच्या सरकारी कंपनीचं असतं. मोजमापाच्या दिवशी मूल हजर असणं फार महत्त्वाचं आहे, मोठ्या माणसाच्या खुर्चीत बुडालेलं लेकरू मी पाहिलंय, त्या खुर्चीने त्याचा मणका आणखी वाकला. नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी, पालकांना तिची माहिती द्या.

आणि शिबिराची वाट बघत बसू नका. गावातला सुतार कोपऱ्याची खुर्ची करून देतो, कंबर, गुडघा, घोटा तिन्ही काटकोनात यायला हवेत, माप फिजिओथेरपिस्ट किंवा विशेष शिक्षकांकडून घ्या. पेन्सिलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की जाड होते. ताटलीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही.

गुण कसे द्यायचे, परीक्षेचं काय?

आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदींना इथे खरी किंमत येते. आयईपीतल्या ध्येयांवरच नोंद करा, जून मध्ये काय होतं आणि ऑक्टोबरमध्ये काय आहे. "प्रगती समाधानकारक" असं लिहू नका, "आता झाकण स्वतः उघडते, हात धरावा लागत नाही" असं लिहा. पुढे दहावीला बसणाऱ्यांसाठी बोर्डाच्या सवलती आहेत, लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा वेळ वगैरे, आणि एनआयओएस म्हणजे मुक्त विद्यालयाचा पर्यायही आहे, पण तो निर्णय आठवीत घ्या, दहावीच्या फॉर्मच्या आदल्या दिवशी नको.

बाकीचे पालक म्हणतात आमच्या मुलांचं नुकसान होतंय

त्यांना वर्गात बोलवा. अर्धा तास बसू द्या. बहुतेकांची तक्रार न बघता केलेली असते. कुणाची खरी असेल, म्हणजे ओरडण्यामुळे शिकवणं थांबतंय, तर ती टीमची अडचण म्हणून घ्या आणि वर सांगितलेले तीन रकाने लिहायला सुरुवात करा.

मी मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख आहे. टीमसाठी मी नक्की काय करू?

वेळ द्या. आठवड्यात वीस मिनिटं, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, चहा घेऊन, सगळे एकत्र. अजेंडा तीन प्रश्नांचा: या आठवड्यात काय जमलं, काय नाही जमलं, सोमवारी काय बदलणार. पहिला प्रश्न आधी, कारण आपल्याला अडचणींवरच उडी मारायची सवय आहे. जे ठरलं ते एका वहीत, नावासकट.

मग शिक्षकाच्या बाजूने उभे राहा. वर्गशिक्षिकेला भीती वाटते की याच्यामुळे माझ्या वर्गाचा निकाल खाली दिसेल, अधिकारी विचारतील. तिला स्पष्ट शब्दात सांगा की अधिकाऱ्यांना उत्तर मी देईन. आणि तिला विचारा, जमतंय का, झोप लागते का. मी वर्गाच्या मागे उभं राहून डोळे पुसणाऱ्या बाई बघितल्यात, त्यांना ट्रेनिंग कमी पडलं नव्हतं, कुणी एकदा "तुम्ही चांगलं करताय" म्हटलं नव्हतं. अवघड वर्ग दर वर्षी त्याच बाईंना देऊ नका, "तुम्हाला जमतं ना" म्हणून. शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं या विषयाला ठेवा आणि ज्या शाळेत जमलंय तिथल्या शिक्षकांनाच बोलायला लावा, ते ऐकून दुसरे शिक्षक जेवढं धाडस करतात तेवढं माझ्या भाषणाने करत नाहीत.

मला याचं काहीच शिक्षण नाही, माझ्याकडून चूक झाली तर?

होईल. मारणं, कोंडणं, आडवं भरवणं, अपमान करणं या चुका करायच्या नाहीत, बाकीच्या दुरुस्त होतात. तुम्हाला वर्ग चालवता येतो, मुलांना गोष्ट सांगता येते, कोण आज उदास आहे हे दारातून आत येतानाच ओळखता येतं. ते मला माझ्या डिप्लोमात शिकवलं नव्हतं, तुमच्यासारख्यांच्या वर्गात बसून शिकले.

पुढच्या वर्षी शिक्षक बदलले किंवा मूल दुसऱ्या शाळेत गेलं तर?

इथे आपण सगळ्यात जास्त गमावतो. बदल्या होतात, वर्षभर कळलेलं सगळं बाईंबरोबर निघून जातं, आणि जूनमध्ये मुलाला परत सुरुवातीपासून सगळ्यांना शिकवावं लागतं की मान फिरवली म्हणजे नको. म्हणून एप्रिलमध्ये, निकालाच्या आधी, एक कागद करा. एकच पान, दोन्ही बाजू. मुलाच्या बाजूने लिहिलेलं असेल तर उत्तम, "मी" म्हणून. मला काय आवडतं. मी हो कसं म्हणतो, नको कसं म्हणतो. मला कसं बसवायचं, सोबत एक फोटो. मी काय खातो आणि कसं. मला कशाची भीती वाटते आणि तेव्हा काय केलं की मी शांत होतो. माझं औषध. मला आता काय काय येतं. माझे मित्र कोण. आईने वाचून बरोबर आहे म्हटलं की तीन प्रती काढा, एक आईकडे, एक शाळेच्या फाइलमध्ये, एक नवीन शिक्षकांच्या हातात, आणि जमलं तर नवीन शिक्षकांनी एप्रिलमध्येच एक दिवस येऊन मुलाबरोबर डबा खावा.

ही फाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात नको, वर्गातल्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा.